सात आशीर्वाद आणि एक नवा चेहरा

अंजूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. तांदूळ निवडत असाल तर निवडा, भाकऱ्या थापत असाल तर थापा, पण कान इकडे द्या. आज लग्नाच्या आशीर्वादाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट खाडीपलीकडच्या आपल्या शेजाऱ्यांची आहे, पण ती शोधायची बुद्धी आम्हाला आमच्याच गावातल्या एका हळदीत झाली.

आमच्या गटातल्या एका सखीच्या लेकीचं लग्न होतं. सखीचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. गोदामात माल भरायच्या कामाला जाऊन तिनं लेकीला बारावीपर्यंत शिकवलं, स्थळ पाहिलं, मांडवाचा खर्च गटाच्या कर्जातून उभा केला. हळदीच्या रात्री मांडव भरलेला. धवलारीण गाणं म्हणतेय, एकेक सवाशीण पुढे येऊन नवरीला हळद लावतेय. आणि नवरीची आई? ती स्वयंपाकघराच्या दाराशी, हातात वाट्यांची चळत घेऊन उभी. लेक सारखी तिकडे बघत होती. आईच्या वाटणीची हळद चुलतीनं लावली. आम्ही सगळ्या तिथेच होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही.

घरी परतताना मात्र सगळ्यांची तोंडं उघडली. एक म्हणाली, "अगं, पूर्वापार चालत आलंय." दुसरीनं विचारलं, "पूर्वापार म्हणजे कधीपासून? आणि ठरवलं कुणी?" तिला उत्तर देता आलं नाही कुणालाच. मग ठरलं की लग्नात आशीर्वाद कोण देतं, तो कसा बदलतो, याचा शोध घ्यायचा. आपल्या घरातलं आपल्याला रोज बघून दिसेनासं होतं. म्हणून आधी शेजारच्या घरात डोकावायचं.

अंजूर फाट्यावरून निघालं, कशेळीचा पूल ओलांडला की ठाणं. आपल्यातल्या कितीतरी जणी दवाखान्याच्या कामानं सिव्हिल हॉस्पिटलच्या भागात जाऊन आल्या असतील. त्याच परिसरात टेंभी नाक्याजवळ एक जुनं प्रार्थनास्थळ आहे. नाव शाअर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. १८७९ साली ते उभं राहिलं. हे यहुदी लोकांचं सिनेगॉग. आणि हे यहुदी परक्या मुलखातले पाहुणे नव्हेत. ते बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे, आपल्या कोकणातले.

त्यांची परंपरा सांगते की फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. त्यांचीच ही लेकरं. गावोगाव ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं त्यांनी गावावरून घेतली: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. वसईच्या मोहिमेत नाव कमावलेले आपले गंगाजी नाईक जसे अंजूरकर, अगदी तसंच. बाया नऊवारी नेसत, हातात हिरवा चुडा भरत, गळ्यात मंगळसूत्र घालत. हळद आणि मेंदीही होतीच. लग्नाच्या आधी मलिदा करायचा. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं ताटात मांडून एलियाहू हनबी या प्रेषिताचं स्मरण करायचं. त्या प्रेषितानं अलिबागजवळच्या खंडाळे गावी दर्शन दिलं, अशी त्यांची श्रद्धा.

आता त्यांच्या लग्नाकडे येऊ. नवरी सिनेगॉगमध्ये येते तेव्हा नवरा तिच्याकडे तोंड करून गाणं म्हणतो, 'योनाती झिव' नावाचं. योना म्हणजे कबुतर. आपली नवरी मैना, त्यांची कबुतर. मग अंगठी, मग लग्नाचा करारनामा वाचणं, आणि मग सात आशीर्वाद. हिब्रू भाषेत त्यांना शेवा ब्राखोत म्हणतात. शेवा म्हणजे सात, ब्राखोत म्हणजे आशीर्वचनं.

या सातांचा अर्थ आमच्या शब्दांत सांगतो. पहिलं आशीर्वचन द्राक्षरसाच्या प्याल्यावर, कारण आनंदाची सुरुवात त्यानं व्हायची. दुसऱ्यात देवाला म्हणायचं, सगळी सृष्टी तुझ्या गौरवासाठी. तिसऱ्यात माणूस घडवल्याबद्दल आभार. चौथ्यात म्हणायचं की माणसाला देवानं आपल्या रूपासारखं घडवलं आणि पिढी पुढे चालेल अशी सोय केली. सहावं या दोघांना जिवलग सोबती म्हणतं आणि जगातल्या पहिल्या जोडप्याला बागेत जसा आनंद झाला तसा यांना होवो असं मागतं. सातवं सगळ्यात मोठं. त्यात हसण्याचा आवाज, गाण्याचा आवाज, नवऱ्याचा आवाज आणि नवरीचा आवाज गावात पुन्हा घुमू दे असं मागणं आहे.

पाचवं आम्ही मुद्दाम मागे ठेवलं. यरुशलेम हे त्यांचं पवित्र शहर. सन ७० मध्ये तिथलं मंदिर उद्ध्वस्त झालं, माणसं देशोधडीला लागली. पाचवं आशीर्वचन त्या शहराला आई म्हणतं. जिची लेकरं दुरावली, जिची ओटी रिकामी झाली, त्या आईला तिची लेकरं परत मिळून आनंद होवो, असं ते मागतं. ऐन लग्नात, नवरा-नवरीच्या सुखाचं मागणं मागायच्या आधी, दुःख सोसलेल्या आईचं नाव घ्यायचं. लग्नात पेला फोडतात तोही याच आठवणीसाठी, की आनंदात असताना मोडलेलं घर विसरू नये.

हे वाचलं त्या दिवशी आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या मांडवातली आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

आता प्रश्न आला की हे सात आशीर्वाद आकाशातून पडले का? तर नाही. यहुद्यांचा तालमूद नावाचा मोठा ग्रंथ आहे, दीड हजार वर्षांपूर्वीचा. त्यात लग्नाच्या आशीर्वचनांची चर्चा आहे. एका लग्नात एका पंडितानं पाचच म्हटली, दुसऱ्या लग्नात दुसऱ्यानं सहा म्हटली, असं त्यातच लिहिलंय. म्हणजे संख्येवरूनसुद्धा मोठमोठ्या लोकांत मतभेद होते. द्राक्षरसाचं धरून सात झाली ती पुढे रूढ झाली. पूर्वी वाग्दान आणि लग्न असे दोन वेगळे सोहळे असत, मध्ये वर्षभराचंही अंतर पडे. मध्ययुगात ते एकाच दिवशी होऊ लागले. तेव्हा जे आपण पूर्वापार म्हणतो, ते कधीतरी कुणीतरी बसून, वाद घालून ठरवलेलं असतं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचं तर याहून नवल. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे हिब्रू पोथ्याच नव्हत्या. सुंता, शनिवारचा विसावा, काही सण आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढं त्यांनी जपलं होतं. लग्नं लावायला त्यांच्यात काजी असत. हिब्रू प्रार्थना, पुस्तकं, सिनेगॉगची रीत हे सगळं पुढे मिळालं. त्यात कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचा मोठा हात होता. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. मराठीत त्यांचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. लोक त्या सिनेगॉगला जुनी मशीद म्हणत. ठाण्याचं सिनेगॉग त्यानंतर ८३ वर्षांनी आलं. तेव्हा लग्नातले सात आशीर्वाद जगात जुने, पण कोकणातल्या मांडवात हिब्रू पोथीच्या जोडीनं आलेले. हळद-मेंदी आधीपासून होती. दोन्ही एकत्र नांदले. मेंदी आदल्या दिवशी घरी, आशीर्वाद दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये.

पण शेजाऱ्यांकडून फक्त हळद-मेंदीच येते असं नाही. यहुदी धर्मात विधवेला पुन्हा लग्न करायला मोकळीक आहे. विधवेच्या लग्नातही मंडपाखाली तेच सात आशीर्वाद म्हणतात, एकही कमी नाही. तरी कोकणातल्या बेने इस्रायलांमध्ये जुन्या काळी विधवेचं लग्न लावायचं नाही अशी रूढी पडली होती. ती त्यांच्या ग्रंथात नव्हती. ती त्यांनी आजूबाजूच्या समाजाकडून, म्हणजे आपल्याकडून घेतली होती. सख्यांनो, हे ऐकून आम्हाला लाज वाटली. शेजाऱ्यानं आपल्याकडून मंगळसूत्र घेतलं याचा अभिमान वाटतो ना? मग हेही आपणच दिलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

त्या काळी लग्नातले हिब्रू शब्द किती बायांना कळत असतील? आपल्या लग्नात भटजी संस्कृत म्हणतो तेव्हा आपल्याला जेवढे कळतात तेवढेच. हे बदललं ते छापखान्यामुळे. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मराठी माणसांसाठी हिब्रूचं व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण बेने इस्रायलांनी ते शिक्षण आपला धर्म समजून घ्यायला वापरलं. १८४६ मध्ये वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. १८७४ मध्ये तशीच पोथी पुण्यात निघाली, चित्रांसह. त्या चित्रात बाया नऊवारी लुगडी नेसून, खाली बसून सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. धर्माच्या पोथीत आपल्यासारखी बसलेली, आपल्यासारखी नेसलेली बाई! जोसेफ इझिकेल राजपूरकर या शिक्षकानं हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचं काम आयुष्यभर केलं. त्याच काळात बेने इस्रायलांनी मराठी कीर्तनंही सुरू केली. आपल्या बुवांसारखी उभी राहून, पण आख्यान मोशेचं, योसेफचं.

आशीर्वाद बदलण्याची ही पहिली पायरी. शब्द तेच राहिले, पण त्यांच्या शेजारी मराठी अर्थ येऊन बसला. नवरीला कळायला लागलं की आपल्याला सोबती म्हटलंय, दासी नव्हे. शब्द कळला की माणूस प्रश्न विचारतो. तो पुढचा प्रश्न एका बाईनं विचारला.

तिचं नाव डॉ. जेरुशा झिराड. जन्म १८९०, बेने इस्रायल घरातला. डॉक्टरकी शिकायला ती लंडनला गेली आणि १९१९ मध्ये बाळंतपणाच्या शास्त्रातली एम.डी. पदवी घेतली. परत येऊन बायांचे दवाखाने सांभाळले. मुंबईचं कामा हॉस्पिटल आपल्यापैकी कुणाकुणाला माहीत असेल. तिथे १९२८ ते १९४७ जेरुशाबाई प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किती बायांची बाळंतपणं त्यांनी सुखरूप पार पाडली असतील, मोजदाद नाही.

पण आज त्यांची दुसरी कामगिरी सांगायची आहे. लंडनला असताना त्यांनी यहुद्यांची एक नवी चळवळ पाहिली. १९०२ मध्ये लिली माँटेग्यू या बाईच्या पुढाकारानं ती सुरू झाली होती. प्रार्थना कळेल अशा भाषेतही व्हावी, बायका-पुरुषांनी एकत्र बसावं, बाईलाही बोलता यावं, असं तिचं म्हणणं. जुन्या रीतीत बायका माडीवर किंवा वेगळ्या बाजूला बसत, आणि प्रार्थनेला दहा जणांची गणती लागे तीत बायका धरल्या जात नसत. १९२५ मध्ये जेरुशाबाईंनी मुंबईत तशीच संस्था उभी केली, ज्यूइश रिलिजस युनियन. त्यांचं प्रार्थनास्थळ म्हणजे रोदेफ शालोम. ज्या बाईच्या हातानं शेकडो लेकरं जगात आली, तिला प्रार्थनेच्या गणतीत धरायचं नाही, हे तिनं मानलं नाही. भांडून देऊळ सोडलं नाही, जुन्यांना शिव्या घातल्या नाहीत. शेजारी एक नवं दार उघडलं. ज्याला यायचं त्यानं यावं.

सख्यांनो, इथवर वाटेल की आशीर्वाद म्हणजे चार चांगले शब्द, कमी-जास्त झाले म्हणून काय बिघडलं? पण कुणाच्या लग्नाला आशीर्वाद मिळतो, कुणाच्या नाही, यावर माणसांची आयुष्यं लटकतात. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि बेने इस्रायल हजारोंच्या संख्येनं तिकडे गेले. दिमोना, अश्दोद, रामला, लोद अशा गावांत वसले. तिथे यहुद्यांची लग्नं धर्मपीठाच्या हातात असतात, नुसतं कचेरीत जाऊन लग्न लागत नाही. १९६० नंतर तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली की कोकणात या लोकांनी लग्न आणि काडीमोडीचे नियम नीट पाळले होते का? १९६२ मध्ये फर्मान निघालं. बेने इस्रायल मुलामुलीचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न असेल तर त्यांच्या आईची, आजीची, पणजीची, जमेल तितक्या मागची चौकशी करा.

विचार करा. नवगावला, पेणला, ठाण्याला घाणा चालवणाऱ्या घरातली पणजी. तिचा दाखला कुठून आणणार? आणि का आणायचा? बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. मोर्चे काढले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायामाणसं, लेकरं यरुशलेमला रस्त्यावर धरणं धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं सांगितलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांना वेगळं काढू नये. धर्मपीठालाही फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं. मराठी बोलणाऱ्या लोकांनी परक्या देशात आपल्या लेकींच्या लग्नाचा मान असा मिळवला.

आता आजचं सांगतो. जगभरच्या यहुद्यांमध्ये सात आशीर्वाद आज कितीतरी तऱ्हांनी म्हटले जातात. उदारमतवादी मंडळींत बाया स्वतः हिब्रू आशीर्वचनं म्हणतात, लग्नही लावतात. जर्मनीत १९३५ मध्ये रेगिना योनास ही पहिली स्त्री धर्मगुरू झाली. अमेरिकेत १९७२ मध्ये सॅली प्रीसँड झाली. त्यानंतर रांगच लागली. जुन्या वळणाच्या घरांतही वाट निघाली आहे. हिब्रू शब्द पुरुष म्हणतो, आणि लगेच त्याचा अर्थ घरच्या भाषेत आजी, आत्या किंवा मैत्रीण वाचते. काही जोडपी सात आशीर्वचनं सात जिवलगांना वाटून देतात, प्रत्येकानं एक म्हणायचं. कुणी स्वतःच्या शब्दांत लिहून आणतं. इस्रायलमधल्या आपल्या मराठी घरांतून लग्नाआधी मेंदी अजून होते, मराठी गाणी होतात, मलिद्याचं ताट मांडलं जातं. नातवंडं हिब्रू बोलतात, पण आजीचा हात डोक्यावर येतो तो मराठीतून.

सगळं सोपं झालं असं मात्र नाही. लग्नाचा करारनामा, केतुबा, ही त्यांची फार जुनी आणि शहाणी रीत. नवऱ्यानं बायकोला काय द्यायचं, तो मेला किंवा त्यानं सोडलं तर तिच्या हाती किती रक्कम यायची, हे लेखी असतं आणि चारचौघांत मोठ्यानं वाचतात. पण जुन्या नियमात कुमारिकेची रक्कम दोनशे नाणी आणि विधवेची शंभर. आणि काडीमोडीचं पत्र द्यायचं नवऱ्याच्या हाती. त्यानं अडवलं तर बाई ना सुटलेली ना नांदणारी, अधांतरी लटकते. म्हणून १९९० नंतर अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या धर्मगुरूंनीच लग्नाआधी सही करायचा आणखी एक करार काढला, नवरा पत्र अडवून बसू नये म्हणून. गोड शब्दांच्या जोडीला कागद पक्का हवा, हे त्यांनी ओळखलं. आपल्यासाठीही यात शिकवण आहे. मांडवात कितीही अक्षता पडल्या तरी ग्रामपंचायतीत जाऊन लग्नाची नोंद करून दाखला घ्या. तो दाखला लेकीच्या हातात द्या, सासूच्या कपाटात नको.

तर एवढं सगळं बघितल्यावर आम्हाला काय उमगलं? या सात आशीर्वचनांत दोन भाग आहेत. एक चौकट, ती दीड हजार वर्षं टिकली. आणि एक मोकळी जागा. कोणत्या भाषेत अर्थ सांगायचा, कुणी म्हणायचं, सोबत हळद की मेंदी की मलिदा, हे दर पिढीनं ठरवलं. मोकळी जागा होती म्हणूनच चौकट टिकली. कोकणात ती मराठीशी जोडता आली नसती तर नऊवारी नेसलेल्या बाईला ती आपली वाटली नसती.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय? मंगलाष्टका बघा. शेवटची 'सावधान' ची हाक ठरलेली. पण मधली कडवी दर लग्नात नवी. मामा लिहितो, मास्तर लिहितात, त्यात नवऱ्या-नवरीची, आजी-आजोबांची नावं गुंफतात. कुणी म्हटलंय का की याने धर्म बुडाला? आपली धवलारीण तर बाईच. भटजी नसेल तरी आगऱ्यांचं, कोळ्यांचं लग्न तिच्या गाण्यानं लागायचं. मराठीत लग्नाचे धवळे रचणारी महदाइसा तेराव्या शतकातली. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे. ती स्वतः बालविधवा होती! ज्या भाषेत लग्नाची पहिली गाणी एका विधवेनं रचली, त्या भाषेतल्या मांडवात विधवा आईला दाराशी उभं करायचं, हे कुठल्या पूर्वापारात बसतं?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं पत्रक काढलं. गाव मनावर घेतं तेव्हा बदल होतो. पण ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत राहतो. हळदीच्या रात्री वाटी पुढे करायला माणूस लागतं.

जाता जाता शेजाऱ्यांची एक रीत सांगतो, आम्हाला सगळ्यात आवडलेली. लग्नानंतर आठवडाभर रोज कुणीतरी जोडप्याला जेवायला बोलावतं, आणि जेवण झालं की तेच सात आशीर्वाद पुन्हा म्हणतात. पण एक अट असते. त्या पंगतीला एखादा नवा चेहरा हवा, आधीच्या दिवसांत न आलेला. नवा माणूस आला की आनंद पुन्हा ताजा होतो, म्हणून आशीर्वाद पुन्हा म्हणायचे. नवा चेहरा नसेल तर शनिवार-सणासारखे दिवस सोडून ते सातही म्हणता येत नाहीत. म्हणजे आशीर्वाद हवा असेल तर अजून कोण आलेलं नाही हे बघावं लागतं आणि त्याला बोलवावं लागतं.

आमच्या गटानं आता एवढं ठरवलं आहे. पुढच्या हळदीला आम्ही सगळ्या मिळून जायच्या. आणि नवरीला हळद लावायची वेळ आली की स्वयंपाकघराच्या दारात कोण उभं आहे ते बघायचं. तिच्या हातातल्या वाट्या आपण घ्यायच्या, हळदीची वाटी तिच्या हातात द्यायची. भांडण नको, भाषण नको. कुणी विचारलं तर सांगायचं, "ती नवरीची आई आहे." एवढंच पुरे.

त्या सखीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "माझ्या लेकीची हळद तर झाली." आम्ही म्हटलं, धाकटी आहे ना अजून?

सख्यांनो, तुमच्या गावात हळद कोण लावतं, कोण दाराशी उभं राहतं, आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमच्याही गोष्टी सांगू. तोवर अंजूरच्या बायांचा नमस्कार.